आईंचं सोवळं

सांगलीला माझी आई गेली, त्या वर्षी मी देवाजवळ दिवा लावणं बंद केलं. तिच्या आजारपणात ज्यानं जे सांगितलं ते सगळं मी केलं होतं. पारायणं केली, गुरुवार धरले, नवस बोलले. त्यातलं काहीच कामी आलं नाही. मी रागावले होते असंही नाही, पण मनातून काहीतरी उठून गेलं आणि परत आलंच नाही. पुढे पुण्याला शिकताना रघुनाथची ओळख झाली, लग्न झालं, आणि त्याला त्याच्याच गावी, कुंभकोणमच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून मीही बँकेतून बदली मागून इकडे आले. मनातली ती रिकामी जागा सोबत होतीच, आणि नेमकी मी अशा घरात येऊन पडले, जिथे दिवस देवापासून सुरू व्हायचा आणि देवापाशी संपायचा.

तो दिवस सुरू करायच्या माझ्या सासूबाई, कावेरीबाई. मी त्यांना आईच म्हणायचे. त्यांच्या घराण्यातले लोक तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आले, राज्य गेलं तरी इथेच राहिले. घराबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. पण ती मराठी आपली नव्हे. लग्नानंतर पहिल्या सकाळी त्यांनी मला विचारलं, "तुला काय व्हावें?" मला वाटलं, पुढे काय व्हायचंय असं विचारतायत. मी आपलं सांगू लागले, बँकेत अधिकारी आहे, वरच्या जागेची परीक्षा द्यायची आहे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग पदर तोंडाला लावून हसल्या. "अग, कॉफी व्हावी कीं दूध, तें पुसतें मी." त्या दिवसापासून आमचं गोत्र जुळलं. माझं बोलणं त्यांना फार घाईचं वाटायचं, त्यांचं मला एखाद्या जुन्या कागदासारखं. त्या म्हणायच्या, "आमचें जुनें, तुमचें नवें. देवाला दोन्ही कळतें."

मात्र त्यांचं सोवळं मला कधी कळलं नाही. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातलं आमचं घर लहान, नदी तिथून जवळ. उजाडायच्या आत त्यांची आंघोळ व्हायची. आदल्या दिवशी धुऊन उंच दांडीवर वाळत घातलेलं लुगडं त्या काठीनं खाली घ्यायच्या, म्हणजे मध्ये कुणाचा हात लागायला नको. आंघोळ न करता स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही. घराबाहेरचा घास त्यांनी जन्मात घेतला नव्हता. सासरे लवकर गेले, रघुनाथ तेव्हा शाळेत होता. मुलींच्या एका शाळेत आई शिवण शिकवायला लागल्या आणि त्या नोकरीवर त्यांनी मुलाला वाढवलं. पण इतक्या वर्षांत शाळेतला चहा कधी त्यांच्या ओठाला लागला नाही. फिरकीच्या तांब्यातून स्वतःचं पाणी नेत, डब्यात स्वतःचा भात. बरोबरच्या शिक्षिका आधी हसायच्या, मग त्याच त्यांच्यासाठी खिडकीजवळची स्वच्छ जागा राखून ठेवू लागल्या. आमच्या लग्नाला त्या पुण्यापर्यंत आल्या त्या केळी आणि घरून आणलेल्या पोह्यांवर. मांडवात पंगती उठत होत्या आणि वराची आई एका खोलीत केळं सोलून खात बसली होती.

आणि एकादशी. दर एकादशीला जवळच्या मरुदानल्लूर गावी भजनाला जायचं, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. पाऊस असो, ताप असो, बस नसो. झांजा पिशवीत घालून त्या निघत. यांपैकी काहीही त्यांनी माझ्यावर लादलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. मी देवाजवळ बसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एकदाच म्हणाल्या, "तुझें तुजपाशीं, माझें मजपाशीं. घर एक असलें म्हणजे पुरे." मी त्यांना मानत होते, त्यांच्यावर जीवही जडला होता. पण मनात वाटायचं, ही एवढी देवभक्ती सगळी लुगडं आणि पाणी आणि चूल यांतच अडकली आहे. शिवाशिव सांभाळता सांभाळताच ह्यांचा जन्म जाणार.

मला दिवस गेले तेव्हा आईंनी मला फुलासारखं जपलं. सातव्या महिन्यात एका सकाळी बँकेत जायला निघाले आणि डोकं असं ठणकू लागलं की भिंत धरून बसावं लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आईंनी रघुनाथला हाक मारलेली ऐकू आली, एवढंच मला आठवतं. रक्तदाब चढून मला झटके आले होते. दवाखान्यात नेल्या नेल्या शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढलं. मुलगी झाली. तळहातावर मावेल एवढी. मला पुढे ताप आला, जंतुसंसर्ग झाला, आणि कितीतरी दिवस मी अतिदक्षता विभागात शुद्धी-बेशुद्धीच्या मध्ये तरंगत होते. त्यामुळे पुढचं सारं मला नंतर रघुनाथनं आणि त्या वॉर्डातल्या एका नर्सनं सांगितलेलं आहे. शेवटचं तेवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

बाळ काचेच्या पेटीतून बाहेर काढण्याइतपत सावरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रघुनाथला बोलावलं. त्या म्हणाल्या, "आता हिला माणसाची ऊब हवी. छातीशी, अंगाला अंग लावून, दिवसाचे जास्तीत जास्त तास. यंत्रापेक्षा तेच बरं. आई तर वर पडून आहे. घरात दुसरं कुणी बाईमाणूस?" वॉर्ड बायकांचा, रघुनाथला तिथे फार वेळ बसता येईना. आई त्याच्या मागे दाराशी उभ्या होत्या. दवाखान्यात त्या रोज यायच्या त्या अशाच, कशाला हात न लावता, अंग चोरून. घरी गेल्यावर डोक्यावरून आंघोळ.

"मी घेतें," त्या म्हणाल्या.

नर्सनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला अशा बायका ठाऊक होत्या. तमिळमध्ये, आजीला मारतात ती हाक मारून, ती म्हणाली, "पाट्टी, नीट ऐका. इथलाच झगा घालावा लागेल, इथल्याच खाटेवर बसावं लागेल. आजूबाजूला सगळ्या बाळंतिणी. मध्येच उठून आंघोळीला आणि पूजेला घरी जाता यायचं नाही."

"कळलं."

"जमेल?"

आईंनी विचारलं, "हात कुठे धुवू?"

रघुनाथ सांगतो, ते ऐकून त्याला रडूच फुटलं. त्याला आठवतं तेव्हापासून त्यानं आईला परक्या घरची चटईसुद्धा टाळताना पाहिलं होतं. तो मराठीत म्हणाला, "आई, देवपूजा?" त्या बाह्या वर करत म्हणाल्या, "तूं कर. येत नसेल तर एक फूल ठेव आणि इकडे ये." मग त्या पडद्याआड गेल्या, नेसलेलं लुगडं सोडून त्याची घडी केली, दवाखान्याचा पुढून उघडा झगा घातला आणि खाटेवर टेकून बसल्या. नर्सनं ती चिमणी त्यांच्या उघड्या छातीवर ठेवली आणि वरून दोघींना एकत्र बांधलं. आईंनी दोन्ही हात तिच्याभोवती घेतले. त्या दिवशी एकादशी होती. मरुदानल्लूरच्या बायका भजन सुरू करण्याआधी बराच वेळ त्यांची वाट पाहत थांबल्या होत्या, असं मागाहून कळलं. मी रघुनाथला विचारलं होतं, की त्या दिवशी त्यांनी एकादशीचा काही विषय काढला का. नाही, म्हणाला. ती नुसती बाळाच्या डोक्याशी ओठ नेऊन काहीतरी गुणगुणत होती. शब्द ऐकू येत नव्हते, बाळाची पाठ मात्र त्या लयीत वर-खाली होत होती.

ऊब मिळाली, पण दूध नव्हतं. माझ्या अंगात औषधंच औषधं होती. डब्याचं दूध एवढ्या लहान जिवाला सोसेना, पोट फुगू लागलं. आईचंच दूध हवं, कुणाही आईचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दुपारी पोरीनं रडणंही सोडलं. जे मूल रडत नाही त्याची भीती जास्त, हे आईंना कुणी सांगायला नको होतं. नर्स म्हणाली, पाट्टींनी तेव्हा डोळे मिटून घेतले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

तेवढ्यात समोरच्या खाटेवरची बाई उठून आली. आडव्या अंगाची, काळीसावळी, चॉकलेटी नायटी आणि खांद्यावर टॉवेल. चोळपुरमकडच्या कुठल्याशा वाडीतली, शेतावर जाणारी. तिच्या मुलाला कावीळ म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, त्यासाठी ती तिथे थांबलेली. तिनं आधी आपल्या टॉवेलाच्या टोकानं आईंचे डोळे पुसले. मग म्हणाली, "पाट्टी, माझ्याकडे आहे. माझा पोरगा पिऊन उरतं. घ्या."

आईंनी तिच्याकडे पाहिलं. नर्स धास्तावली होती, कारण असल्या वेळी घरातली वडीलधारी माणसं काय काय विचारतात, ते तिनं फार वेळा ऐकलं होतं. कुठली, कोण, कुणाची. आईंनी एकच विचारलं, "तू जेवलीस का?"

ती बाई खदाखदा हसली. "मी जेवले म्हणून तर आहे ना!"

बाळंतपणातच तिच्या सगळ्या तपासण्या झालेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि होकार दिला. तेव्हापासून ती रोज वाटीत दूध काढून द्यायची आणि नर्स ते थेंब थेंब नळीनं माझ्या मुलीच्या पोटात सोडायची. पोट फुगणं थांबलं. एका सकाळी पोरगी एवढ्या जोरात रडली की वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बघायला आल्या.

याच सुमारास माझा ताप उतरला. मला स्वच्छ शुद्ध होती, पण मन अगदी कोरडं पडलं होतं. मुलगी जगली आहे असं सगळे सांगत होते आणि माझा त्यावर विश्वास बसत नव्हता. सांगलीला आईच्या वेळीही सगळे असंच गोड बोलत होते. शेवटी एका दुपारी रघुनाथनं मला चाकाच्या खुर्चीत बसवून खालच्या वॉर्डात नेलं. दारापाशी नर्सनं त्याला थांबवलं, ती चाकं ढकलत मला आत घेऊन गेली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून मधेच मला सोडून वळली. मी जिथे होते तिथून ती खाट समोरच दिसत होती.

मुलगी मला आधी दिसलीच नाही. मला दिसल्या आई. त्यांचे केस विस्कटले होते, कपाळावर रोजचं गंध नव्हतं, खांदे उघडे होते. त्यांचे दोन्ही हात छातीवरच्या एका गाठोड्याभोवती होते. आणि त्यांच्या शेजारी, अगदी खेटून, ती चॉकलेटी नायटीवाली बाई बसली होती. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा. त्यातला दहीभात ती हातानं कालवत होती, लोणच्याची फोड बोटानं दाबून त्यात मिसळत होती, आणि घास करून आईंच्या तोंडापुढे धरत होती. "आ करा पाट्टी, मोठा आ." आणि माझ्या सासूबाई, जन्मभर परक्या हातचं पाणी न प्यायलेल्या कावेरीबाई, लहान मुलासारखा आ करत होत्या. एक शीत त्यांच्या हनुवटीवर पडलं. त्या बाईनं ते बोटानं टिपून पुन्हा त्यांच्या तोंडात घातलं. दोघी हसल्या. आई हसल्या तशी त्यांच्या छातीवरचं गाठोडं हललं, त्यातून एक मूठ बाहेर आली, वाटाण्याएवढी, आणि आईंच्या गळ्याला टेकून राहिली.

मी तिथे काय पाहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुठला प्रकाश पडला नाही, कुठला आवाज आला नाही. पंखा घरघरत होता, कुणाचं तरी मूल किरकिरत होतं. पण मी लहानपणापासून जितक्या देवळांत गेले त्यांपैकी एकाही गाभाऱ्यासमोर माझं जे झालं नव्हतं, ते तिथे झालं. वर्षानुवर्षं जी जागा रिकामी होती ती भरली असं नाही म्हणणार मी, पण ती रिकामी वाटेनाशी झाली. मी त्या चाकाच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

आईंनी वर पाहिलं. "आलीस? ये. हळू. पोट दुखेल, रडूं नको," त्या म्हणाल्या. "ही घे, तुझी. मी नुसती धरून होतें."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खाली गेले तेव्हा समोरची खाट रिकामी होती. तिचं बाळ बरं होऊन सकाळीच सगळे घरी गेले होते. गडबडीत मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तिचं नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, आईंनी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. दवाखान्यात दुसऱ्या रुग्णाचं नाव-गाव सांगायची पद्धत नव्हती. रघुनाथ दोनदा चोळपुरमला जाऊन आला, पण नाव नाही, गाव नाही, नुसतं वर्णन सांगून माणूस कसं सापडावं? ती कोण होती याबद्दल मी काही म्हणत नाही. ती एक बाई होती, तिच्याजवळ होतं आणि तिनं दिलं. आई मात्र तिचा विषय निघाला की 'ती आली होती' एवढंच म्हणायच्या, आणि रोज संध्याकाळी घरच्या सगळ्यांची नावं घेऊन नमस्कार करताना शेवटी म्हणायच्या, "आणि तिचें बाळ."

आम्ही मुलीला घरी आणलं, वैदेही नाव ठेवलं. बारशाला मरुदानल्लूरहून रघुनाथच्या आत्या आल्या. आईंच्या या नणंदबाई वयानं मोठ्या, सोवळ्याओवळ्यात त्यांच्याही वरताण. दवाखान्यातल्या गोष्टी त्यांच्या कानावर गेल्या होत्या. पाहुणे पांगल्यावर त्या आईंजवळ येऊन बसल्या. आई शेंगा मोडत होत्या.

"वहिनी, झालें तें झालें," आत्या म्हणाल्या. "आतां गुरुजींना पुसून प्रायश्चित्त घ्या."

"कशाचें?"

"परक्या बाईच्या हातचें खाल्लेंत. कोण कुठली, कळत नाही. तिच्याच डब्यांतलें, उष्टें."

आईंनी हातातली शेंग मोडली. मग म्हणाल्या, "वन्सं, नैवेद्य दाखवल्यावर त्याच्या पुढचें आपण खातों, तें कुणाचें उष्टें?"

आत्या उठल्या, मोरीवर जाऊन हात धुऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "दे ग तिला इकडे." वैदेहीला मांडीवर घेऊन त्या तिच्या पायाची बोटं मोजत बसल्या.

मला वाटलं होतं, आता आईंचं सोवळं संपलं. पण बारशाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाहते तर दांडीवरचं लुगडं काठीनं खाली येत होतं. तेच पाणी, तीच चूल, तोच फिरकीचा तांब्या. एक सूतही इकडचं तिकडे झालं नाही. पुढच्या एकादशीला झांजा पिशवीत घालून त्या निघाल्या. मला काही केल्या हे उमगेना. एक दिवस न राहवून विचारलंच, "आई, तेव्हा तुम्ही सगळं बाजूला ठेवलंत. मग आता पुन्हा कशाला?"

"अग, सोवळें तें मजसाठीं आहे," त्या म्हणाल्या. "माझें मन फार इकडे तिकडे पळतें. त्याला खुंटा लागतो. देवाला कशाला लागतें सोवळें?"

"आणि दवाखान्यात?"

"तेव्हां त्याला माझे हात हवे होते. दोन्ही."

त्या हे अगदी सहज म्हणाल्या. पण ते वाक्य माझ्यात उतरायला वर्षं लागली. मी स्वतःला मोकळ्या मनाची समजत होते. कुठलाही नेम नाही, कुठलं बंधन नाही. पण मी कधी काही घट्ट धरलंच नव्हतं, तर सोडणं म्हणजे काय ते मला कुठून कळणार? त्यांनी जन्मभर मुठीत धरलेली गोष्ट एका क्षणात, हात कुठे धुवू एवढंच विचारून, खाली ठेवली. आणि गरज सरल्यावर तितक्याच शांतपणे पुन्हा उचलली. त्याग केला असा आव नाही, देवावर उपकार केल्याची भावना नाही. समर्पण हा शब्द मी कीर्तनांतून किती वेळा ऐकला होता. तो असा झगा घालून खाटेवर बसलेला मी आईंमध्ये पाहिला.

धरून ठेवणं मात्र मी पुढे चांगलंच शिकले, वैदेहीच्या बाबतीत. कुंभकोणमच्या उकाड्यात मी तिला स्वेटर घालायचे. शाळेची सहल आली की त्या आठवड्यात तिला हटकून सर्दी झाल्याचं मला वाटायचं. आई म्हणायच्या, "ती काचेची नव्हे ग. काचेंतून तर आम्ही तिला केव्हांच काढलें." त्यांच्या हातात पोर बिनधास्त असायची. त्यांच्याबरोबर ती नदीवर जायची, त्यांच्या झांजा वाजवायची, त्यांच्यासारखी मराठी बोलायची. सांगलीचे माझे भाऊ तिला फोनवर बोलतं करून पोट धरून हसायचे.

मग आई थकल्या. हृदय कमजोर झालं होतं. हात वर होईना, काठीनं लुगडं काढणं जमेना. एक दिवस त्यांनीच सांगितलं, "उद्यांपासून कपाटांतलें दे." काही दिवसांनी पूजा रघुनाथकडे दिली. झांजा मरुदानल्लूरच्या बायकांना पाठवल्या. सगळ्यात शेवटी एका सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची मांडून बसल्या आणि मला म्हणाल्या, "आंत जा. आतां चूल तुझी." मी घाबरले. मला त्यांच्यासारखं सार येत नव्हतं, डांगर येत नव्हतं. "येतें तसें कर," त्या म्हणाल्या. मी सांगलीचा झुणका केला, हात राखून तिखट घातलं तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जहाल आहे," म्हणाल्या, आणि आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं. मी विचारलं, "आई, सगळं देऊन टाकताय, वाईट नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "इतकीं वर्षें मी देवाला न्हाऊं घातलें, जेवूं घातलें. आतां तो मला ठेवील तसें."

त्या आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, वरच्या धरणातून सोडलेलं पाणी कावेरीत आलं. कोरडं पात्र भरताना बघायला अख्खं मेलकावेरी काठावर जमलं होतं. आईंना उठवत नव्हतं. वैदेही धावत जाऊन लोटाभर नवं पाणी घेऊन आली आणि ओल्या बोटांनी तिनं ते आजीच्या डोळ्यांना लावलं. "गार आहे ग," आई म्हणाल्या. त्यानंतर त्या फारसं बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी सकाळी, रघुनाथ आत पूजा करत असताना, त्या झोपेतच गेल्या. शाळेतल्या म्हाताऱ्या शिक्षिका आल्या, भजनातल्या बायका आल्या, गल्लीतले सगळ्या जातीधर्मांचे लोक आले. प्रत्येकाजवळ त्यांची एकेक आठवण होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की त्या आपल्याच जास्त जवळच्या.

यंदा वैदेही पुण्याला कॉलेजात गेली. घर तिच्यावाचून कसं होईल याचा विचार करकरून मी खंगले होते. जवळ काही शिकता येणार नाही का, म्हणून भांडूनही पाहिलं होतं. रघुनाथ तिला पोचवायला जाणार होता, मला रजा मिळाली नव्हती. कुंभकोणम स्टेशनवर संध्याकाळच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि मी फलाटावर उभी राहून गजांतून हात घालून तिचा हात धरला. सांगायचं सगळं पाठ करून आले होते. पाण्याचं, औषधांचं, एकटीनं कुठे जायचं नाही याचं. मी पाण्यापासून सुरुवात केली. शिट्टी झाली. गाडी हलली तशी मीही हात न सोडता दोन पावलं चालले.

"अम्मा, हात सोड," वैदेही म्हणाली. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते.

मी सोडला. गाडी पुढे गेली, तिचा हात बराच वेळ हलताना दिसला, मग वळणावर दिसेनासा झाला. माझा हात काही वेळ तसाच पुढे राहिला, आणि मग आपसूक दुसऱ्या हाताशी जोडला गेला. माणसांची ये-जा चालली होती, कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी तिथेच डोळे मिटून उभी राहिले. मागावं असं काही मनात आलंच नाही.